रोग रेड्याला, औषध पखालीला

प्रिय विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, पालकहो आणि विश्वस्त मंडळातील ज्येष्ठांनो,



या पानावर मी एरवी निकाल, हजेरी, शिस्त अशा विषयांवर लिहितो. या वेळचा विषय आहे मैदानावरचे गवत कापायचा आपला जुना ट्रॅक्टर. "प्राचार्यांना दुसरा विषय मिळाला नाही का?" असे काहींना वाटेल. पण ऑगस्ट २०२५ च्या विश्वस्त सभेत हा ट्रॅक्टर भंगारात काढून नवा घ्यावा, आणि त्याच्या शेजारची कार्यानुभवाची खोली रिकामी करून तिथे जादा वर्ग भरवावेत, असा प्रस्ताव मीच ठेवला होता. सभेने निर्णय पुढच्या बैठकीवर टाकला. तो प्रस्ताव मी आता मागे घेत आहे. तो मांडताना दिलेली कारणे चुकीची होती, आणि त्या चुकीपायी एका माणसावर अन्याय झाला. म्हणून हे लिहिणे भाग आहे.

आधी ट्रॅक्टरची ओळख करून देतो. इंदूरच्या काळ्या मातीत पावसाळ्यात गवत कसे माजते हे आपल्याला सांगायला नको. जुलै ते सप्टेंबर दर आठ-दहा दिवसांनी कापले नाही तर मैदानात गुडघाभर रान उभे राहते, आणि त्यात एखादा साप दिसला की पालकांचे फोन सुरू होतात. २०११ साली पीथमपूरच्या एका कारखान्याने जुने सामान काढले, तेव्हा तिथे नोकरीस असलेल्या आपल्या एका माजी विद्यार्थ्याच्या खटपटीने हा ट्रॅक्टर शाळेला मिळाला. हा शेतातला ट्रॅक्टर नव्हे. वर बसून चालवायचा, पोटाखाली गवत कापायची पाती असलेला हा लहान ट्रॅक्टर आहे. त्याला एका सिलिंडरचे, साडेसतरा अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन आहे. वय विसाच्या पुढे. आपले माळीकाका तो पहिल्या दिवसापासून चालवतात. त्यांच्याखेरीज त्याला कोणी हात लावलेला नाही.

२०२५ च्या जुलैत, पहिला मोठा पाऊस होऊन गेल्यावर, ट्रॅक्टर चालू होईना. किल्ली फिरवली की इंजिन अर्धा फेरा घेई आणि भिंतीवर आपटल्यासारखे थांबे. पुन्हा किल्ली, पुन्हा तेच. माळीकाका माझ्या खोलीत आले आणि म्हणाले, "सर, बैटरी में दम है. आधा घूम के अटक जाता है. अंदर से कोई रोकता है उसको."

हे वाक्य मी ऐकले, पण ध्यानात घेतले नाही. इंजिन फिरत नाही म्हणजे बॅटरी गेली, एवढे तर स्कूटरवाल्या कोणालाही कळते, असे मला वाटले. नवी बॅटरी आणली, ३,८०० रुपये. इंजिन अर्धा फेरा घेऊन थांबले. मग बोलावलेल्या कारागिराने सेल्फची मोटर बदलायला सांगितले. ती ६,९०० रुपयांची, शिवाय त्याच्या दोन फेऱ्यांचे ८०० रुपये. इंजिन पुन्हा अर्धा फेरा घेऊन थांबले. ११,५०० रुपये गेले आणि आजार जिथे होता तिथेच राहिला. १५ ऑगस्टच्या संचलनासाठी रोजाने माणसे लावून विळ्यांनी गवत कापून घ्यावे लागले.

त्या वैतागात मी माळीकाकांना ऑफिसात, दोन शिक्षकांच्या आणि लिपिकांच्या देखत, बोललो. "तुम्ही ट्रॅक्टर पावसात उघडा ठेवता. इतकी वर्षे तुमच्या हाती दिला हीच चूक झाली," असे माझे शब्द होते. ट्रॅक्टरची किल्लीही मी मागून घेतली. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि ते निघून गेले.

आपल्याकडे एक जुनी म्हण आहे: रोग रेड्याला आणि औषध पखालीला. लहान मुलांसाठी सांगतो. पूर्वी पाणी वाहून नेण्यासाठी कातड्याची मोठी पिशवी असे, तिला पखाल म्हणत, आणि ती रेड्याच्या पाठीवर लादत. आजारी पडला रेडा आणि औषध पाजले पखालीला, तर रेडा कसा बरा होणार? मी महिनाभर पखालीला औषध पाजत होतो.

ऑगस्टच्या शेवटी पालक सभा झाली. सहावीतल्या एका विद्यार्थिनीचे वडील सभेनंतर थांबले. त्यांचे स्कूटर-मोटारसायकल दुरुस्तीचे दुकान आहे. मुलीकडून त्यांनी ट्रॅक्टरची हकीकत ऐकली होती. "रविवारी येऊन बघू का, सर?" म्हणाले. मी म्हटले, बघा. आता तो भंगारातच जायचा आहे.

रविवारी ते आले. नववीच्या कार्यानुभवाच्या गटातले सहा विद्यार्थीही आले होते. मी बॅटरी, सेल्फ, बिले सगळे सांगू लागलो. त्यांनी नम्रपणे ऐकून घेतले आणि मग माळीकाकांकडे वळून विचारले, "काका, आप बताओ, ये करता क्या है?" माळीकाकांनी जुलैतले तेच वाक्य पुन्हा सांगितले. त्या गृहस्थांनी मान हलवली आणि इंजिनाचा प्लग काढला. प्लगची वायर इंजिनाच्या धातूला टेकवून बाजूला ठेवली आणि किल्ली फिरवायला सांगितली. महिनाभर अर्ध्या फेऱ्यात अडकणारे इंजिन भर्रकन फिरू लागले.

"बॅटरी आणि सेल्फ दोन्ही ठणठणीत आहेत, सर," ते म्हणाले. "दाब जास्त होतोय. टॅपेट बघू."

ही तपासणी दोन मिनिटांची. तिला एक पैसा लागला नाही. नंतर त्यांनी काढून ठेवलेला जुना सेल्फ तारा जोडून बघितला. तोही फिरला.

आता हे काय घडले ते समजून घेऊ. इंजिनात पिस्टन वर येतो तेव्हा हवा आणि पेट्रोलची वाफ दाबली जाते. यालाच संपीडन किंवा कारागिरांच्या भाषेत कम्प्रेशन म्हणतात. दाब चांगला असला तर इंजिन जोर देते. पण एवढ्या मोठ्या एका सिलिंडरचा पूर्ण दाब लहानशा सेल्फच्या मोटरला रेटता येत नाही. म्हणून इंजिन बनवणारे एक युक्ती करतात. झडपा उघडणाऱ्या दांड्यावर एक बारीकसा उंचवटा असतो. इंजिन सावकाश फिरत असताना तो एक झडप किंचित उघडी ठेवतो, थोडा दाब निसटतो आणि सेल्फचे काम हलके होते. इंजिनाने वेग घेतला की या निसटण्याचा परिणाम उरत नाही.

मात्र ही युक्ती चालायची तर झडप आणि तिला दाबणारी पट्टी यांतली फट अगदी मोजकी असावी लागते. आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेप्रमाणे हवा आत घेणाऱ्या झडपेला ०.०८ ते ०.१३ मिलिमीटर आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपेला ०.१३ ते ०.१८ मिलिमीटर. म्हणजे एक-दोन केसांच्या जाडीएवढी. वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी नट सैल होत गेला आणि फट वाढली. मोजली तेव्हा एका झडपेची फट ०.३० मिलिमीटर निघाली. तो बारीक उंचवटा एवढ्या फटीतच संपून जात होता आणि झडपेपर्यंत पोचतच नव्हता. त्यामुळे पूर्ण दाब सेल्फवर येई आणि इंजिन अर्ध्या फेऱ्यात अडके. "अंदर से कोई रोकता है" हे माळीकाकांचे निदान शब्दशः खरे होते.

दुरुस्ती अशी झाली. इंजिन थंड असताना झडपांवरचे झाकण काढले. पिस्टन दाबाच्या फेरीत सर्वांत वर आणला आणि तिथून आणखी सहा मिलिमीटर खाली जाऊ दिला, म्हणजे तो उंचवटा मध्ये येत नाही. मग पातळ पत्र्यांचा फिलर गेज फटीत घालून नट बसवला, घट्ट केल्यावर पुन्हा एकदा मोजले, कारण घट्ट करताना फट बदलते. नववीच्या एका मुलीने मापे वाचून वहीत लिहिली. प्लग लावला, किल्ली फिरवली, इंजिन पहिल्याच खेपेस चालू झाले. खर्च विचाराल तर फिलर गेजचे दोनशे रुपये, आणि तो आता शाळेच्या मालकीचा आहे. त्या पालकांनी मजुरी घेतली नाही.

मला सर्वांत जास्त बोचले ते वेगळेच. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. बी.एससी.ला मध्य प्रदेश हिंदी ग्रंथ अकादमीची पुस्तके होती. चूषण, संपीडन, शक्ति, निष्कासन हे इंजिनाचे चार टप्पे मला आजही पाठ आहेत. ऑटो इंजिनाच्या कार्यक्षमतेचे सूत्र मी फळ्यावर न बघता लिहून देईन. इतकेच काय, लहानपणी काकांच्या मळ्यावर विहिरीचे डिझेल इंजिन हँडलने फिरवताना मी हजारदा पाहिले आहे. इंजिनाच्या डोक्यावर एक छोटी दांडी असे. ती वर धरली की दाब सुटे आणि हँडल फिरे. वेग आला की काका दांडी सोडत आणि इंजिन टुकटुक सुरू होई. दांडी न धरता हँडल फिरवायला गेले तर ते अर्ध्यातच अडके. म्हणजे सूत्र मला येत होते, अनुभव गाठीशी होता, आणि समोरचा माणूस खूण सांगत होता. तरी मी दुकानात जाऊन बॅटरी विकत घेतली, कारण विकत घेणे सोपे असते आणि विचार करायला थांबावे लागते.

माझे मत असे आहे, की सुटे भाग बदलणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. आधी निदान, मग खर्च. आणि निदानाची सुरुवात यंत्राजवळ रोज असणाऱ्या माणसाचे म्हणणे नीट ऐकण्यापासून होते.

निदानाची पद्धत अवघड नाही. घरी स्कूटर, जनरेटर किंवा फवारणीचा पंप असणाऱ्यांनाही ती उपयोगी पडेल, म्हणून त्या रविवारी मुलांनी वहीत लिहिलेले थोडक्यात देतो. "चालू होत नाही" ही एकच तक्रार नसते, तिचे चार प्रकार असतात.

पहिला प्रकार: किल्ली फिरवली आणि काहीच आवाज नाही. अशा ट्रॅक्टरला सुरक्षेचे स्विच असतात. ब्रेक दाबलेला नसेल, पात्यांचा दांडा लावलेला राहिला असेल किंवा सीटखालचा स्विच बिघडला असेल तर वीज पुढे जात नाही. आधी ते बघावे, मग फ्यूज, मग बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा-हिरवा थर. मात्र हे स्विच वायरने जोडून कायमचे निकामी करण्याचा जो शॉर्टकट काही जण सांगतात, तो कधीही करू नये. चालक सीटवरून उठला तर पाती थांबावीत म्हणून ते बसवलेले असतात.

दुसरा प्रकार: टक् आवाज होतो किंवा इंजिन अर्धा फेरा घेऊन थांबते. बॅटरीचे व्होल्ट मोजावेत. भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. ती ठीक असेल तर प्लग काढून फिरवून बघावे. मोकळे फिरले तर दोष दाबाचा, म्हणजे आमच्यासारखा टॅपेटचा. तरीही फिरले नाही तर तारा, सेल्फ किंवा इंजिन आतून जाम झाले आहे का, हे बघावे.

तिसरा प्रकार: जोरात फिरते, पण पेट घेत नाही. प्लग काढून पाहावा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही, म्हणून पेट्रोलचा नळ, गाळणी आणि कार्बोरेटर तपासावेत. ओला असेल तर पेट्रोल येते आहे, ठिणगी नाही किंवा चोक जास्त वेळ ओढला गेला आहे.

चौथा प्रकार: चालू होते, पण थोड्या वेळाने बंद पडते किंवा दाट गवतात दम तोडते. पेट्रोलच्या टाकीचे झाकण सैल करून बघावे. सैल केल्यावर नीट चालले तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे. मग हवेची जाळी, आणि इंजिनाच्या पंख्याभोवती अडकलेले वाळके गवत बघावे, कारण गवत साचले की इंजिन तापते. धूर काळा असेल तर हवा कमी किंवा पेट्रोल जास्त. निळसर असेल तर ऑइल जळते आहे किंवा ते जास्त भरले आहे.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बदलल्यावर काय झाले ते लिहावे. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र चालले, तर कशाने चालले हे कधीच कळत नाही. विद्यार्थ्यांना सूचना अशी, की हे सर्व मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच करायचे. पात्यांना किंवा इंजिनाला हात लावण्यापूर्वी प्लगची वायर काढून दूर ठेवायची, आणि पेट्रोल उघड्या हवेत, इंजिन थंड असतानाच भरायचे. ट्रॅक्टर कोणत्याही विद्यार्थ्याने चालवायचा नाही.

पेट्रोलविषयी एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. फेब्रुवारी २०२३ पासून आपल्या देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विकायला सुरुवात झाली आणि २०२५ पर्यंत ते जवळजवळ सगळीकडे आले. गवत कापायच्या यंत्रांच्या जुन्या पुस्तिकांत साधारणपणे १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे लिहिलेले असते. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, आणि असे पेट्रोल महिनोन्महिने पडून राहिले की कार्बोरेटरच्या तळाशी पाणी आणि गाळ साचतो. जुन्या रबराच्या नळ्याही त्याने खराब होतात. आपला ट्रॅक्टर नोव्हेंबर ते जून जवळजवळ उभाच असतो. म्हणून यापुढे हंगाम संपला की टाकी रिकामी करायची आणि कार्बोरेटरमधले उरलेले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवून बंद करायचे, असे ठरवले आहे. नवे यंत्र घेतले असते आणि ही सवय लावली नसती, तर तेही दोन पावसाळ्यांत असेच उभे राहिले असते.

आता आक्षेपांविषयी. एका ज्येष्ठ विश्वस्तांनी मला विचारले, "विसाहून जास्त वर्षांचे यंत्र आहे, आज दुरुस्त झाले, उद्या दुसरे काही निघेल. किती दिवस ओढणार?" प्रश्न रास्त आहे. कोणतेही यंत्र अमर नसते. इंजिनाचा दाब खरोखर उतरला, निळा धूर कायमचा येऊ लागला आणि दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या किमतीला भिडला, तर ते काढून टाकण्याची शिफारस मीच करीन. फक्त तेव्हा हातात मापे असतील. या वेळी माझ्या हातात काहीच नव्हते. साडेतीन लाखांचे कोटेशन मात्र होते. शाळेचा निधी देणग्यांतून आणि पालकांच्या फीमधून उभा राहतो. नुसत्या वैतागापोटी तो खर्च करण्याचा अधिकार मला नाही.

दुसरा आक्षेप काही पालकांचा आहे: मुलांनी आता संगणक शिकावा, टॅपेट शिकून काय करणार? संगणक शिकावाच. आपला संगणक कक्ष चांगला आहे आणि तो अजून चांगला व्हावा. पण संगणकावर काम करणाऱ्यांनाही दोष शोधण्याचेच काम पुष्कळ करावे लागते, आणि तिथेही पद्धत हीच असते: खूण नीट नोंदवा, शक्यता मांडा, सोपी आणि बिनखर्चाची तपासणी आधी करा, एका वेळी एकच बदल करा. फरक इतकाच, की इंजिनात हे डोळ्यांना दिसते आणि हाताला लागते. नववीच्या त्या सहा मुलांना संपीडन म्हणजे काय हे आता कोणी पाठ करायला सांगायला नको. त्यातल्या एकाने मला ते मराठीत सांगितले, माळीकाकांना हिंदीत सांगितले आणि वहीत इंग्रजीत लिहिले. आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घरांतल्या मुलांकडून मला यापेक्षा अधिक काही नको.

पालकहो, आणखी एक गोष्ट आपल्याशी मोकळेपणाने बोलतो. मुलाला गुण कमी पडले की आपण ट्यूशन बदलतो, मग गाईड बदलतो, मग शाखा बदलतो. प्रत्येक बदलाला पैसे लागतात आणि वर्ष निघून जाते. दहावीत भौतिकशास्त्रात अडकलेली कितीतरी मुले मी पाहिली, ज्यांचे खरे अडलेले असते सहावीतल्या अपूर्णांकांत. दोष लहानसा असतो, जुना असतो, आणि आपण बघतो तिथे नसतो. "कुठपर्यंत येते आणि नेमके कुठे अडकते?" हा प्रश्न मुलालाच शांतपणे विचारा. शिक्षकांनीही विचारावा. मूल उत्तर देते. आपणच ते ऐकून न ऐकल्यासारखे करतो, जसे मी केले.

यातून माझ्या तीन मागण्या आहेत.

विश्वस्त मंडळाला विनंती, की कार्यानुभवाची खोली कायम ठेवावी आणि नववीचा आठवड्याचा एक तास तिथेच व्हावा. जादा वर्गांसाठी मी दुसरी व्यवस्था सुचवीन. तसेच यापुढे शाळेतल्या कोणत्याही यंत्रावर पाच हजारांहून अधिक खर्च करायचा असेल, तर आधी बिघाडाचे लेखी निदान जोडल्याशिवाय ते बिल मंजूर करू नये. हा नियम माझ्यावरही लागू असावा.

पालकांना विनंती, की आपल्यापैकी ज्यांच्या हाती एखादा कसब आहे, सुतारकाम असो, वायरिंग असो, शिवणयंत्राची दुरुस्ती असो, त्यांनी वर्षातून एक रविवार शाळेला द्यावा. आपल्या समाजात कारकुनी, वकिली आणि शिक्षकी पेशाला मान फार; हाताला ग्रीस लागलेल्या माणसाला आपण चहा देतो, पण खुर्ची देताना विचार करतो. हे बदलायला हवे.

विद्यार्थ्यांना सांगणे, की ट्रॅक्टरजवळ आता एक वही टांगलेली आहे. कोणत्या तारखेला किती तास चालला, ऑइल कधी बदलले, कोणता आवाज आला, हे त्यात लिहायचे आहे. सांगणार माळीकाका आणि लिहिणार तुम्ही. त्यांच्या शब्दांत लिहा. त्यांचे हिंदी सुधारून लिहू नका.

शेवटी, माळीकाकांविषयी. ट्रॅक्टर चालू झाला त्या दिवशी मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "जाने दो सर, मशीन है." पण मी त्यांना बोललो होतो ते चारचौघांत, आणि माफी मागितली ती मैदानाच्या कोपऱ्यात. म्हणून ती इथे पुन्हा मागतो, छापील अक्षरांत, सर्वांसमोर. जुलैतच त्यांनी दोष सांगितला होता. ट्रॅक्टर त्यांनी उघड्यावर ठेवलेला नव्हता; शेडचे पत्रे गळतात ही तक्रार त्यांनी आधीच्या वर्षी लेखी दिली होती, आणि ती माझ्याच फाइलमध्ये सापडली. ट्रॅक्टरची किल्ली त्यांच्याकडे परत गेली आहे. पत्रे दिवाळीपूर्वी बदलले जातील.

आपला स्नेहांकित,
प्राचार्य